पिकांतील पालाश वाहतुकीची जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी पदवीचे विद्यार्थी, रोपपैदासकार आणि माती परीक्षणाचा अहवाल नीट वाचणारे शेतकरी यांच्याकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पालाश म्हणजे खताच्या पोत्यावरचे पोटॅश. वनस्पतीच्या आत तो पोटॅशियमचा धनभारित आयन म्हणून फिरतो.

पालाश पाण्याबरोबर आपोआप शोषला जातो. मग त्यात जनुकांचे काम काय?

पाण्याबरोबर तो मुळाच्या सालीपर्यंत येतो, पण पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीपटल मेदाचे असते आणि भारित आयनाला मेदातून वाट मिळत नाही. पटलात रुतून बसलेली ठरावीक प्रथिनेच त्याला आत घेतात, आणि जनुके ही प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात. त्यांची तीन मोठी घराणी आहेत. शेकर घराण्यातली प्रथिने चॅनल असतात. एचएके घराण्यात वाहक प्रथिने येतात. त्यालाच केटी किंवा केयूपी असेही म्हणतात. तिसरे घराणे एचकेटीचे, आणि क्षारपड जमिनीचा विषय निघाला की तेच आधी आठवावे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतील रोपात शेकरची ९, एचएकेची १३ आणि एचकेटीचे फक्त १ जनुक आहे. भातात एकट्या एचएके घराण्याची २७ जनुके सापडली आहेत. म्हणून "पालाशाचे जनुक" असे एकवचनात बोलले की गोंधळ सुरू होतो.

चॅनल आणि वाहक यांत फरक काय?

ऊर्जेचा. पेशीद्रवात पालाश साधारण १०० मिलिमोलर (लिटरमागे मिलिमोल, तीव्रतेचे एकक) असतो आणि मातीच्या पाण्यात बहुधा १ मिलिमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तरीही तो आत जाऊ शकतो, कारण पेशीची आतली बाजू ऋणभारित असते. प्रोटॉन पंप एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्चून प्रोटॉन सतत बाहेर टाकतो आणि हा विद्युतदाब टिकवतो. तीव्रतेतल्या दर दहापट फरकासाठी सुमारे ५९ मिलिव्होल्ट लागतात. पटलावर उणे १२० मिलिव्होल्ट असतील तर चॅनलमधून शंभरपट फरकाविरुद्ध, म्हणजे बाहेर १ मिलिमोलर असेपर्यंत, पालाश आत येतो. उणे १८० असतील तर बाहेर ०.१ मिलिमोलरपर्यंत. त्याच्याही खाली चॅनल बहुधा हतबल होतो. तेथे एचएके वाहक लागतो. तो आत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनच्या ओढीवर पालाश आत खेचतो आणि काही मायक्रोमोलर तीव्रतेतही काम करतो.

हे गणित पाठ असावे. रोप पाण्याखाली गेले, मुळांना प्राणवायू कमी पडला की एटीपी घटतो, पंप मंदावतो, विद्युतदाब उतरतो आणि जनुके ठणठणीत असूनही शोषण थांबते. पाणी साचलेल्या शेतात पालाशाच्या कमतरतेची लक्षणे दिसतात त्याचे एक कारण हेच.

मुळात नेमकी कोणती जनुके काम करतात?

दोन नावे मुख्य: एकेटी१ हा चॅनल आणि एचएके५ हा वाहक. भातात एचएके५ सोबत एचएके१ ही महत्त्वाचे आहे. ते निकामी केलेली रोपे खुजी राहतात. सातूत एचएके१, टोमॅटोत एचएके५ आणि एलकेटी१ अशी त्यांची भावंडे आहेत.

शोषणाला दोन अंगे आहेत हे जनुके सापडण्याच्या कितीतरी आधी कळले होते. इमॅन्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सातूच्या तोडलेल्या मुळांवर रुबिडियम (बरेचसे पालाशासारखेच शोषले जाणारे मूलद्रव्य) वापरून दाखवले की १ मिलिमोलरच्या खाली एक जास्त ओढीची यंत्रणा चालते आणि वर दुसरी, कमी ओढीची. जनुके हाती आली १९९२ मध्ये. अमेरिकेत केएटी१ आणि फ्रान्समध्ये एकेटी१, दोन्ही एकाच युक्तीने सापडली. पालाश शोषू न शकणाऱ्या यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके सोडायची आणि कमी पालाशावर कोण जगते ते पाहायचे.

पालाश कमी पडल्याचे मुळांना कळते कसे?

तुटवडा सुरू झाला की मुळात कॅल्शियमचा संकेत उठतो. सीबीएल१ आणि सीबीएल९ ही प्रथिने तो ओळखतात आणि सीआयपीके२३ या किनेजला पटलाजवळ नेतात. किनेज एकेटी१ वर फॉस्फेट चिकटवते आणि चॅनल खुला होतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे २००६ मध्ये उलगडले. भातातही सीबीएल१ आणि सीआयपीके२३ ची अशीच जोडी आहे. एचएके५ ची गोष्ट वेगळी. त्याचे जनुकच तुटवड्यात जोरात चालू होते आणि पालाश परत मिळाल्यावर काही तासांत उतरते.

अमोनियमयुक्त खताने पालाश कमी शोषला जातो, हे खरे का?

अर्धे खरे. अमोनियम आणि पालाश यांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे असतात. अमोनियममुळे एचएकेचा रस्ता रोखला जातो, एकेटी१ मात्र चालू राहतो. म्हणूनच एकेटी१ निकामी असलेले रोप साध्या कमी-पालाश माध्यमात बरे दिसते आणि त्यात २ मिलिमोलर अमोनियम टाकले की खुरटते. दोन्ही वाटा एकदम बंद होतात ना.

शेतात याचा अर्थ जमिनीप्रमाणे बदलतो. हवा खेळत्या जमिनीत युरियातले नत्र लवकर नायट्रेट होते, त्यामुळे हा अडथळा थोडे दिवस राहतो. चिखलणीच्या भातात नत्र अमोनियम रूपातच टिकते. तेथे जमिनीतला पालाश आधीच कमी असेल आणि नत्राचा हप्ता एकदम मोठा दिला असेल, तर ओढ कमी पडू शकते. नत्र हप्त्यांनी द्यावे याला हे आणखी एक कारण.

मुळातला पालाश पानांपर्यंत कोण पोहोचवते?

मुळाच्या मध्यभागी एसकेओआर हा बाहेर सोडणारा चॅनल पालाश जलवाहिनीत ओततो. नायट्रेटसाठी प्रसिद्ध असलेले एनआरटी१.५ हे प्रथिनही या कामात आहे. पालाश आणि नायट्रेट जोडीने वर चढतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट हे खत पिकाला लवकर लागू पडते त्यात या जोडीचा वाटा आहे. रसवाहिनीत एकेटी२ काम करतो. जुन्या पानातला पालाश काढून नव्या पानाला देण्याची सोय या रसवाहिन्यांमुळेच होते, म्हणून कडा करपण्याची सुरुवात बहुधा खालच्या पानांपासून होते. नव्या पालवीवरच कडा जळत असतील तर आधी दुसरे कारण शोधा. बहुतेक वेळा कॅल्शियम किंवा क्षार निघतात.

पर्णरंध्रांचा पालाशाशी संबंध काय?

थेट. रंध्राच्या कडेच्या रक्षक पेशीत केएटी१ पालाश आत घेतो, मागोमाग पाणी येते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. जीओआरके चॅनल पालाश बाहेर सोडतो की ते मिटते. पालाश कमी असेल तर रंध्रे सुस्त होतात: सकाळी पुरती उघडत नाहीत आणि उन्हाच्या ताणात लवकर मिटत नाहीत.

खारपड जमिनीसाठी पालाशाचे जनुक म्हणून एसकेसी१ चे नाव घेतले जाते. ते नेमके काय करते?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, कारण येथे नावाने फसगत होते. नोना बोक्रा ही क्षार सोसणारी भाताची देशी जात आणि कोशिहिकारी ही जपानी जात यांच्या संकरात, क्षारात वाढूनही पानांत पालाश जास्त ठेवणारा भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडला. २००५ मध्ये त्यातले जनुक वेगळे केले. ते निघाले एचकेटी१;५, आणि त्याचे प्रथिन पालाश नव्हे तर सोडियम वाहते! मुळापासून वर चढणाऱ्या रसातला सोडियम हे प्रथिन जलवाहिनीलगतच्या पेशींत काढून घेते. सोडियम पानात पोहोचत नाही, म्हणून पालाशाची पातळी टिकते. दोन जातींच्या प्रथिनांत फक्त ४ अमिनो आम्लांचा फरक आहे आणि नोना बोक्राचे रूप सोडियम जास्त जोमाने काढते.

एचकेटी घराण्याचे दोन वर्ग यावरून ओळखू येतात. पहिल्या वर्गाच्या छिद्रात मोक्याच्या जागी सेरीन असते आणि तो बहुतांशी सोडियमच वाहतो. दुसऱ्यात तेथे बहुधा ग्लायसीन असते आणि तो पालाशही वाहतो. कडधान्ये, कपाशी, टोमॅटो अशा द्विदल पिकांत फक्त पहिला वर्ग असतो. भाताचा निष्कर्ष हरभऱ्याला लावण्याआधी हे पाहून घ्यावे.

गव्हात हाच उपाय शेतापर्यंत गेला. ट्रिटिकम मोनोकोकम या जुन्या नातेवाईक गव्हातले एचकेटी१;५ नेहमीच्या संकराने ड्युरम गव्हात आणले. ऑस्ट्रेलियातील खाऱ्या जमिनीत हे जनुक असलेल्या वाणाने, ते नसलेल्या जवळजवळ सारख्याच वाणापेक्षा २५ टक्के अधिक धान्य दिल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोकणच्या खारभूमीत आणि गोव्याच्या खाजनात याचा उपयोग आहे का?

आहे. केरळच्या पोक्काली भातातला सॉल्टॉल हा भाग याच जागेभोवतीचा आहे. आपल्याकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती आणि गोव्याचा कोरगुट हे क्षार सोसणारे भात आहेत. त्यांच्यात एचकेटी१;५ चे कोणते रूप आहे ते गृहीत धरू नये, क्रमवाचन करून पाहावे. सहनशीलता दुसऱ्याच जागेवरून आलेली निघाली तर ती सॉल्टॉलच्या जोडीला वापरता येते. एकाच देणगीदार जातीवर विसंबण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

सॉल्टॉल आपल्या जातीत आणायचा तर पायऱ्या कोणत्या?

देणगीदार म्हणून थेट पोक्काली न घेता एफएल४७८ घ्या. ती आयआर२९ आणि पोक्काली यांच्या संकरातली निवड आहे. पोक्कालीतून उंची, लोळणे आणि लाल दाणा असे नको ते गुण सोबत येतात. एफ१ (संकराच्या पहिल्या पिढीची) रोपे मार्करच्या, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणांच्या, चाचणीत दोन्ही पालकांच्या पट्ट्या दाखवतात का ते तपासा; स्वपरागित रोप येथेच निसटते आणि पुढचे हंगाम वाया जातात. मग आपल्या जातीशी उलटसंकर करा. प्रत्येक पिढीत आरएम८०९४, आरएम३४१२, एपी३२०६ अशा मार्करांनी तो भाग असलेली रोपे निवडा. त्यांतून भागाच्या दोन्ही बाजूंना तुटलेली रोपे शोधा आणि शेवटी बाराही गुणसूत्रांवर पसरलेल्या मार्करांनी आपल्या जातीशी जास्तीत जास्त जुळणारी. दोन ते तीन उलटसंकरानंतर स्वपरागण करून दोन्ही प्रती सारख्या असलेली रोपे ठेवा.

मार्कर म्हणजे परीक्षा नव्हे. योशिदा या भाताच्या पोषक द्रावणात रोपे लावा. मिठाने विद्युतवाहकता आधी ६ डेसिसिमेन्स प्रति मीटर करा आणि तीन दिवसांनी १२. लिटरला साधारण ३ आणि ६ ग्रॅम मीठ लागते, पण मीटरवर मोजूनच घ्या. सामू रोज ५.० वर आणा. सोबत आयआर२९ ही संवेदनशील जात हवीच. ती मेली नाही तर चाचणी झालीच नाही असे समजा.

आणि एक मर्यादा: सॉल्टॉल रोपावस्थेत काम करतो. फुलोऱ्यातली सहनशीलता वेगळ्या जनुकांची आहे. पावसाने खार धुऊन गेल्यावर लावणी होणाऱ्या आणि शेवटी पुन्हा खारे पाणी चढणाऱ्या शेतात नुसत्या सॉल्टॉलवर भरवसा ठेवू नये.

एचएके जनुक वाढवले तर पोटॅशचे पोते वाचेल का?

आमचे मत: नाही, निदान या अर्थाने नाही. जनुक पालाश तयार करत नाही, जमिनीतून उचलतो. केळीचा घड, उसाची मोळी, कडब्याची पेंढी शेताबाहेर गेली की त्यातला पालाशही गेला. जास्त ओढणारी मुळे तोच साठा लवकर रिकामा करतील. फायदा आहे तो दिलेले खत वाहून जाण्याआधी पकडण्यात आणि मुळालगत पातळ झालेल्या द्रावणातून उचलण्यात. भारत पोटॅशसाठी आयातीवरच अवलंबून आहे, म्हणून हा फायदाही मोलाचा, पण त्याला बचत म्हणताना हिशेब जमिनीसकट मांडावा.

काही पिकांत जास्त पालाश नकोच असतो. उसाच्या रसात तो वाढला की साखरेचे स्फटिक नीट पडत नाहीत आणि मळी वाढते. वाइनच्या द्राक्षात तो टार्टारिक आम्लाशी बांधला जातो आणि रसाचा सामू चढतो. कपाशीत मात्र उलट: तंतू लांब होण्याच्या दिवसांत पालाश आणि मॅलेट (एक सेंद्रिय आम्लाचा आयन) पेशीत पाणी ओढतात आणि त्या काळात जीएच-केटी१ हे वाहक जनुक (एचकेटीचे नव्हे, केटी म्हणजे एचएके घराण्याचे) जोरात असते. फुलोरा-बोंडाच्या काळातला तुटवडा धाग्यावर उमटतो तो यामुळे.

जनुक बंद करूनही फायदा झाल्याचे उदाहरण आहे का?

आहे. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानमधील मातीत किरणोत्सारी सीझियम मिसळले. सीझियम भाताच्या मुळात मुख्यतः एचएके१ मधून शिरते. २०१७ मध्ये क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राने हे जनुक निकामी केलेल्या भातात, फुकुशिमाच्या मातीतसुद्धा, सीझियमचे शोषण खूपच घटले. त्याच भागात शेतकऱ्यांना जादा पोटॅश देण्याचा सल्ला दिला गेला. कारण एकच: पालाश पुरेसा असला की एचएके चालू होत नाही आणि सीझियमची वाटही बंद राहते.

आमच्या काळ्या जमिनीत पालाश "भरपूर" आहे, तरी कडा का करपतात?

माती परीक्षणात हेक्टरी २८० किलोच्या वर आकडा आला की भरपूर लिहिले जाते. पण तो आकडा चिकणमातीच्या कणांवर धरलेल्या पालाशाचा. मुळाला मिळतो तो द्रावणातला, आणि मुळापर्यंतचा शेवटचा प्रवास तो संथपणे झिरपत करतो. जमीन सुकली की ही वाट वेडीवाकडी आणि अरुंद होते. एचएके कितीही चालू झाले तरी मुळालगतच्या काही मिलिमीटरांतला पालाश संपलेला असतो. जनुकाआधी ओलावा, केशमुळे आणि मुळांची खोली पाहा.

प्रयोगशाळेत कमी पालाशाची चाचणी कशी लावावी? आमच्या रोपांत फरकच दिसत नाही.

फरक न दिसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच: कुठून तरी पालाश येतो आहे. सामू जुळवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले जाते, हा सर्वांत सर्रास दोष. त्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. एमएस (मुराशिगे-स्कूग) या ऊतिसंवर्धनाच्या माध्यमात सुमारे २० मिलिमोलर पालाश असतो, ते नुसते पातळ करून चाचणी होत नाही. अगारमध्येही पालाश असतो. शुद्ध अगारोज किंवा द्रावणच बरे. मोठ्या बियांतला साठा आठवडाभर पुरतो, म्हणून अंकुरानंतर बीजदले किंवा दाण्याचा उरलेला भाग काढावा.

द्रावण असे करा: कॅल्शियम नायट्रेट २ मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५, आयर्न ईडीटीए ०.०५ आणि होगलंडच्या पोषक द्रावणाप्रमाणे सूक्ष्मद्रव्ये, पण त्यांत पोटॅशियमचा कोणताही क्षार नको. सामू ५.८. पोटॅशियम क्लोराइड ७४.५५ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा, हे १ मोलर. दहा लिटर द्रावणात त्यातले १० मिलिलिटर घातले की १ मिलिमोलर, आणि ०.२ मिलिलिटर घातले की ०.०२ मिलिमोलर.

आता हिशेब पाहा. त्या ०.०२ च्या दहा लिटरमध्ये जेमतेम ७.८ मिलिग्रॅम पालाश आहे. कोरड्या वजनाच्या ३ टक्के पालाश धरला तर एवढ्यात पाव ग्रॅम कोरडे रोप होते. म्हणजे द्रावण रोज बदलले नाही तर तुमची चाचणी ०.०२ ची न राहता शून्याची होते. अमोनियम घालायचे असेल तर दोन्ही द्रावणांत सारखेच घाला आणि एचएके तपासताना अजिबात नको.

काढणीच्या वेळी मुळे थंड १ मिलिमोलर कॅल्शियम सल्फेटमध्ये काही मिनिटे बुडवा, म्हणजे बाहेर चिकटलेला पालाश सुटतो. साध्या पाण्यात फार वेळ ठेवू नका. कॅल्शियमविना पटल गळते. ७० अंशांवर वजन स्थिर होईतो वाळवा आणि नायट्रिक व परक्लोरिक आम्लांच्या ९:४ मिश्रणात पचवा. आधी नायट्रिक एकटे, धूरकपाटातच. सेंद्रिय पदार्थावर परक्लोरिक थेट ओतल्यास स्फोट होऊ शकतो. मग फ्लेम फोटोमीटर. निकालात टक्केवारी आणि प्रति रोप एकूण पालाश दोन्ही द्या. खुरट्या रोपात टक्केवारी चांगली दिसते, कारण वाढच झालेली नसते.

क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा संदेश-आरएनए मोजणाऱ्या चाचणीत) एचएके५ वीसपट आले. म्हणजे शोषण वीसपट?

नाही. एचएके५ वाढले याचा पक्का अर्थ एवढाच की मुळाला तुटवडा जाणवतो आहे. एकेटी१ मध्ये तर संदेश-आरएनए फारसा न बदलताही फॉस्फेटमुळे चॅनल उघडतो, म्हणजे क्यूपीसीआरवर काहीच न दिसता शोषण बदलू शकते. शोषण मोजायचे तर द्रावणातला पालाश दर अर्ध्या तासाला किती घटतो ते पाहा. रुबिडियम चालते, पण प्रत्येक प्रथिन त्याला पालाशासारखे वागवत नाही, म्हणून त्याचे आकडे पालाशाचे म्हणून छापू नका.

भारतात जनुक संपादित वाण आणता येतो का?

बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या संपादन प्रकारांच्या रोपांना मार्च २०२२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या सजीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या कलमांतून सूट मिळाली. मे २०२५ मध्ये असे दोन भात जाहीर झाले. त्यांतला पुसा डीएसटी राइस १ हा एमटीयू १०१० या वाणातून क्षार आणि अवर्षण सोसण्यासाठी केलेला आहे. त्यात बदललेले डीएसटी जनुक स्वतः पालाश वाहत नाही. ते इतर जनुकांचे नियमन करते आणि त्याचा परिणाम पर्णरंध्रांच्या उघडझापीवर होतो.

आमच्या पिकाची जनुक चाचणी करून खताची मात्रा ठरवता येईल का?

आज नाही, आणि त्यावर पैसे घालवू नका. माती परीक्षण आणि देठ परीक्षणच कामाचे. द्राक्षात देठ कोणत्या अवस्थेत आणि वेलीच्या कोणत्या पानाचा घ्यायचा हे ठरलेले असते. तेच पाळा, कारण दोन पाने खाली-वर झाली तरी पालाशाचा आकडा बदलतो. अहवालात पालाशाशेजारी सोडियमचाही आकडा मागून घ्या. सोडियम चढलेला असेल तर पोटॅशची मात्रा वाढवण्याआधी सिंचनाचे पाणी तपासा, आणि म्युरेटऐवजी क्लोराइड नसलेले सल्फेट ऑफ पोटॅश वापरा.